मनाचे शास्त्र आणि आपली घरे
(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवानिमित्त कोलशेत येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सव समितीने आम्हांस विषय नेमून दिला तो 'मानसशास्त्रातील थोर सिद्धांत आणि आपली संस्कृती' असा. विषय भारदस्त खरा. ज्युबिलीच्या दिवशी श्रोत्यांचे अर्धे लक्ष मंडपामागील पातेल्यांकडे असते हे आम्ही जाणून आहो, यास्तव ग्रंथांतील वादांपेक्षा, त्या वादांचे आपल्या घरांत काय झाले, याविषयीच बोलण्याचे योजिले आहे.

ठाण्यात राहणाऱ्या माणसास एका थट्टेची सवय करून घ्यावी लागते. मुंबईत कोणी चमत्कारिक वागू लागला की 'याला ठाण्याला पाठवा' असे म्हणण्याचा प्रघात असे. पुण्याकडे हाच मान येरवड्यास मिळाला, उत्तर हिंदुस्थानात आग्रा व रांची यांस. या थट्टेचे मूळ म्हणजे शेठ नरोत्तमदास माधवदास यांच्या दातृत्वाने उभे राहिलेले व १९०१ पासून चालत आलेले येथील मनोरुग्णालय. आरंभी अशा संस्थांस 'ल्युनॅटिक असायलम' म्हणत. त्या नावात लॅटिन भाषेतील चंद्र दडलेला आहे. चंद्रकलेबरोबर माणसाचे डोके फिरते ही युरोपची जुनी समजूत, आणि अमावास्या-पौर्णिमेस घरातील आजारी माणसाकडे भीतीने पाहणाऱ्या आपल्या आज्यांची समजूतही तीच. १९१२ चा कायदासुद्धा 'इंडियन ल्युनसी ॲक्ट' या नावाचाच होता. पुढे 'असायलम'ची पाटी उतरून 'मेंटल हॉस्पिटल'ची चढली. १९८७ साली नवा कायदा झाला. आणि २०१७ च्या कायद्याने मनोरुग्ण हा उपचाराचा हक्क असलेला नागरिक ठरला.

पाटी बदलली, भिंत मात्र तीच राहिली, असे कित्येक म्हणतील. आमचे मत तसे नाही. पाटी बदलण्यास प्रथम मनाविषयीची कल्पना बदलावी लागते, आणि कल्पना बदलली की भिंतीसही हळूहळू दारे पडतात. वेडास देवीचा कोप मानणारा मनुष्य रुग्णास एका ठिकाणी नेईल, चंद्राची बाधा मानणारा त्यास कोंडून ठेवील, मेंदूचा विकार मानणारा औषध आणील, आणि बालपणीचे दडपलेले दुःख मानणारा त्याच्याजवळ बसून त्याचे बोलणे ऐकेल. रुग्ण तोच, परंतु त्याची रात्र कशी जावयाची हे आपल्या कल्पनेवर अवलंबून.

या शेवटच्या कल्पनेचा उगम व्हिएन्ना नगरीतला. तेथील डॉ. ब्रॉयर यांच्याकडे बर्था पापेनहाइम नावाची एक बुद्धिमान तरुणी उपचार घेत होती. मनातील गोष्टी बोलून टाकल्या म्हणजे आपणांस उतार पडतो, हे त्या रुग्णाईतच्याच ध्यानी आले, आणि 'बोलण्याचा उपचार' हे नावही तिनेच दिले. ब्रॉयर व सिगमंड फ्रॉइड यांनी १८९५ साली हिस्टेरियाविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात तिची हकीकत टोपणनावाने आली आहे. एवढ्या मोठ्या शास्त्राची कोनशिला एका आजारी स्त्रीने बसविली ही गोष्ट आम्हांस फार आवडते. पुढे हीच बाई अनाथ मुली व पीडित स्त्रिया यांच्यासाठी आयुष्यभर झटली. उलटपक्षी 'हिस्टेरिया' या शब्दाची कर्मकथा पाहा. ग्रीक भाषेत त्याचे मूळ 'गर्भाशय' असे आहे. रोगाचे नावच असे पडल्यावर तो बायकांचा रोग ठरावयास कितीसा वेळ लागणार? आपल्याकडेही सासुरवाशीण बेशुद्ध पडली की 'हिस्टेरिया' म्हणून मोकळे होत. ती का पडली हे कोणी विचारीत नसे. अमेरिकन मनोवैद्यांनी १९८० च्या आपल्या कोष्टकातून हे नाव काढून टाकले. ज्या बायकांच्या कपाळी ते आयुष्यभर चिकटले त्यांस मात्र कोणी कळविण्यास आले नाही.

सिद्धांत शब्दांच्या वेषाने घरात शिरतो तो असा. 'न्यूनगंड' हा शब्द आज शाळेतील मुलाच्याही तोंडी आहे. त्यामागे आल्फ्रेड ॲडलर नावाचा व्हिएन्नाचाच वैद्य आहे, आणि तो १९११ साली फ्रॉइडपासून फुटून निघाला होता, याची त्या मुलास गरज नाही. परंतु 'गंड' म्हटले की मराठी कानास गंडमाळ आठवते, आणि मनातही तसेच काही सुजलेले, कापून काढण्याजोगे असावे असे वाटू लागते. 'टेन्शन' तर आता मिठामिरचीसारखे स्वयंपाकघरातले झाले आहे. आमची तक्रार शब्दांविषयी नाही. पोर्तुगीजांपासून आपण पाव घेतला, मेज घेतले, तसे हेही. तक्रार एवढीच की नव्या शब्दांच्या गर्दीत जुने हरवतात. 'त्याने हाय खाल्ली', 'जीव टांगणीला लागला', 'घोर लागला', 'पोटात गोळा आला', 'मन खाते' या प्रत्येकात एक निराळे दुःख आहे. हाय खाणारा हळूहळू खचतो, घोर लागलेला जागा राहतो, आणि ज्याचे मन खाते त्यास पश्चात्तापाची वाट मोकळी असते. या सर्वांस एकच 'डिप्रेशन' म्हटले तर वैद्याची सोय होईल, पण सांगणाऱ्याचे सांगणे अर्धे राहील. खाडीवरची म्हातारी 'छातीवर दगड ठेवलाय' म्हणते तेव्हा ती हृदयाच्या डॉक्टरचे काम सांगत असते की मनाच्या, हे तिच्याजवळ घटकाभर बसल्यावाचून कळत नाही.

पाश्चात्य सिद्धांत जसाच्या तसा आपणांस लागू पडतो काय, हा प्रश्न आजचा नव्हे. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली आपल्या राहत्या घरी भारतीय मनोविश्लेषण मंडळ स्थापिले आणि फ्रॉइडशी बरीच वर्षे पत्रव्यवहार ठेविला. बाप व मुलगा यांच्या वैराची जी कथा फ्रॉइडने सर्व मानवजातीस लावली ती हिंदी रुग्णांत आपणांस तशी दिसत नाही, असे बोस यांनी गुरूस नम्रपणे पण स्पष्ट लिहिले. स्त्रीरूप होण्याची इच्छा हिंदी पुरुष कितीतरी सहज बोलून दाखवितात, असेही त्यांनी कळविले. फ्रॉइडने ऐकून घेतले आणि आपले मत ठेविले. १९३१ साली त्याच्या पंचाहत्तरीनिमित्त कलकत्त्याच्या मंडळाने विष्णूची एक हस्तिदंती मूर्ती भेट पाठविली. सिद्धांत पटला नाही तरी शिष्टाचार सोडला नाही, हे खास आपल्याकडचे. मुंबईसही असे पुरुष लाभले. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. वाहिया यांनी पतंजलींच्या योगसूत्रांवर आधारलेली उपचारपद्धती आखून तिचे निष्कर्ष परदेशी नियतकालिकांत प्रसिद्ध केले.

फ्रॉइड आणि धर्म यांचे जमले नाही हे प्रसिद्धच आहे. १९०७ साली त्याने धार्मिक विधींची तुलना पुनःपुन्हा हात धुणाऱ्या रुग्णाच्या कृतींशी केली, आणि १९२७ साली धर्मास भ्रम ठरविणारे पुस्तक लिहिले. सेमिनरीत शिकताना हे वाचून आम्ही तरुण विद्यार्थी खवळून उठत असू. तथापि झुरिचचे प्रॉटेस्टंट पाळक ऑस्कर फिस्टर यांनी दाखविलेला मार्ग अधिक शहाणपणाचा होता. त्यांनी १९२८ साली त्या पुस्तकास लेखी उत्तर दिले, मैत्री फ्रॉइडच्या अखेरपर्यंत टिकविली, आणि त्याची उपचारपद्धती आपल्या माणसांसाठी वापरली. तुलनेविषयी म्हणाल तर तीत थोडे तथ्य आहे. एकच क्षुल्लक दोष दहा वेळा कबूल करूनही ज्यास शांती लाभत नाही, असा मनुष्य प्रत्येक पुरोहितास भेटतो. संत इग्नाशियस लोयोलासारख्यानेही स्वतः ही यातना भोगली आणि आपल्या 'आध्यात्मिक साधना' ग्रंथात तिच्यासाठी नियम लिहून ठेविले. अशा माणसास अकरावे पापनिवेदन सांगणे हा इलाज नव्हे. त्याचा आजार ओळखून वैद्याकडे नेणे हा होय. (पापनिवेदनात ऐकलेले येथे काही नाही, हे सांगणे नलगे.)

आता आपल्या ठाण्याच्या गोष्टीकडे येऊ. न्यूयॉर्कचे डॉ. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास एक सरळसोट पद्धती मांडली. माणसास दुःख होते ते घटनेने नव्हे, घटनेविषयी तो धरून बसलेल्या हट्टी समजुतीने, असे त्यांचे म्हणणे. हे आपणांस एपिक्टीटस या प्राचीन तत्त्वज्ञाकडून मिळाले, असे ते मोकळेपणी सांगत. आणि हा एपिक्टीटस जन्माने गुलाम होता हे विसरता कामा नये. मुंबईचे किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही विद्या आत्मसात केली व येथे शिकविली. ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली जी मानसिक आरोग्याची संस्था उभारली, ती सर्व 'आयपीएच' म्हणून ओळखतात. तिने या 'विवेकनिष्ठ' विद्येची संतवाङ्मयाशी सोयरीक जुळविली. रामदासस्वामींचे मनाचे श्लोक ज्यांनी बालपणी पाठ केले त्यांस मनाशी असे समोरासमोर बोलणे नवे वाटले नाही. न्यूयॉर्कचे रोप ठाण्याच्या मातीत धरले ते येणेप्रमाणे.

या विद्येचे मर्म मराठीत एका अक्षरात सांगता येते. ते अक्षर 'च'. 'मुलाला नोकरी मिळावी' ही इच्छा. 'मिळालीच पाहिजे' म्हटले की पहिल्या अपयशाला घरात सुतक. 'सुनेने मान ठेवावा' ठीक. 'ठेवलाच पाहिजे' म्हटले की संध्याकाळी भांडी आपटू लागतात. इंग्रजीत यास निराळे शब्द खर्चावे लागतात, आपल्याकडे हा 'च' शेपटीसारखा कोणत्याही शब्दास चिकटतो, आणि म्हणूनच आपल्या लक्षात येत नाही. विवाहेच्छू तरुण-तरुणींच्या वर्गात आम्ही त्यांस आठवडाभर आपले 'च' मोजण्यास सांगतो. पहिल्याच दिवशी मोजणे सोडून देणारे पुष्कळ!

एलिस स्वतः नास्तिक, आणि अनेक वर्षे त्यांनी धर्मनिष्ठेस मनोविकाराच्या पंक्तीस बसविले. वृद्धापकाळी त्यांचे मत मवाळ झाले; २००१ साली धर्मनिष्ठ माणसांवरील उपचारांविषयीच्या एका ग्रंथाचे ते सहलेखक होते. २००७ साली ते वारले. आमचा त्यांच्याशी खरा वाद मात्र धर्माचा नाही. आमचा वाद असा की सर्व दुःख समजुतीतून येते हे तत्त्व हाती आल्यावर, ज्याने दुःख दिले तो निसटून जातो. या कोलशेताकडे पाहा. खाडी होती, जाळी होती. पाणी बिघडले, मासळी घटली. रंगरसायनांचे कारखाने आले, त्यांनी दोन पिढ्यांस पगार दिला, ते गेले, आणि त्या जागी मनोरे उभे राहिले. ज्या कोळणीची पाटी रिकामी येते, किंवा ज्या कामगारास पन्नाशीत घरी बसविले, त्यास 'तुमची समजूत बदला' असे सांगणे हे अर्धसत्य होय. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईस सांगितले तर ते त्याहून वाईट. तेथे समजूत बदलावयाची ती नवऱ्याची, आणि गरज पडल्यास पोलिसांच्या मदतीने. चांगले उपचारक हे जाणतात. पुस्तक वाचून उपदेश करणारे जाणत नाहीत, आणि त्यांत आमच्यासारखे प्रवचनकारही आले.

दारूविषयी बोलल्यावाचून हा विषय सोडणे आम्हांस शक्य नाही. हळद, लग्न, बारसे, सण, कोणताही प्रसंग असो, आपल्या वस्त्यांत बाटली पाहुण्यांआधी येते. पिणारा वाया गेला की त्यास पापी म्हणावयाचे, शपथ घालावयाची, आणि शपथ मोडली की दुप्पट पापी म्हणावयाचे, हा क्रम चालत आला. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी दोन व्यसनी गृहस्थांच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' हा संघ जन्मास आला. त्याच्या पूर्वेतिहासात कार्ल युंग हा मानसशास्त्रज्ञ आहे. एका व्यसनी रुग्णास त्याने सांगितले की वैद्यकाने तुझे काही होणार नाही, झाला तर आत्मिक पालटच उपयोगी पडेल. पुढे १९६१ साली या संघाच्या संस्थापकास लिहिलेल्या पत्रात त्याने ही गोष्ट मान्य केली. १९४० पासून फादर एडवर्ड डाउलिंग हे जेझुइट त्या संस्थापकाचे आधारस्तंभ झाले. इकडे पुण्यास १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या धडपडीने 'मुक्तांगण' सुरू झाले. या सर्वांचा सिद्धांत एक: व्यसन हा आजार आहे, आणि आजाऱ्यास बरे होण्याची जबाबदारी आहे. हे दुसरे अर्धे लोक विसरतात. 'आजार आहे, मी काय करू' असे म्हणून पगार उडविणारा गृहस्थही आम्ही पाहिला आहे; त्याच्या पत्नीने त्यास ओढून सभेस नेले तेव्हा कोठे त्यास सिद्धांत पुरता कळला.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी आम्ही हे व्याख्यान स्वीकारले तिच्याकडे येतो.

काही वर्षांमागे, अन्य एका ठिकाणी असताना, एक माता पहाटे आमच्या दाराशी आली. तिच्या मुलाने रात्री स्वतःच्या हाताने आयुष्य संपविले होते. ती रडत नव्हती. तिचा पहिला प्रश्न असा: 'फादर, त्याला आत पुराल की कुंपणापाशी?' तिच्या आजीच्या काळी तिने कुंपणाजवळचे एक खड्डेवजा थडगे पाहिले होते. त्यावर क्रूस नव्हता.

ती आठवण निराधार नव्हती. १९१७ च्या धर्मसंहितेत, जाणूनबुजून आत्महत्या करणारास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारण्याचा नियम होता. 'जाणूनबुजून' हा शब्द तेव्हाही होता. परंतु मनाचे आजार ओळखण्याची विद्या तोकडी, आणि लोकांची जीभ लांब. पुढील अर्धशतकात मनोवैद्यकाने दाखवून दिले की घोर खिन्नतेत सापडलेल्या माणसाची निवड आपल्यासारखी मोकळी नसते. आग लागलेल्या घरातून उडी टाकणाऱ्याची जी मोकळीक तीच त्याची. पोप बारावे पायस यांनी १९५३ च्या एप्रिलमध्ये मनोवैद्यांच्या परिषदेपुढे भाषण करून त्यांच्या शास्त्राचा मर्यादांसह गौरव केला. १९८३ च्या नव्या संहितेने विधी नाकारण्याच्या यादीतून आत्महत्या केलेल्यांचे नाव वगळले. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने स्पष्ट लिहिले की गंभीर मानसिक व्यथा, भय किंवा छळ यांनी अशा कृतीची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशा जिवांच्या तारणाविषयी निराश होऊ नये. राज्याचा कायदाही त्याच वाटेने आला, जरा उशिरा. १८६० च्या दंडसंहितेचे ३०९ वे कलम वाचलेल्या माणसास तुरुंग दाखवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरण्यास सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत ते सर्वसाधारण कलम राहिले नाही. सरकारी नोकरास कर्तव्यापासून अडविण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरताच अपराध उरला.

त्या मातेस आम्ही एवढेच सांगितले: 'बाय, तो त्याच्या आजोबांशेजारी निजेल.' मग ती रडली. मिस्सा झाली, प्रेतयात्रेस माणसे आली, आणि कबरीवर क्रूस लागला. शास्त्रज्ञांचे सिद्धांत कोठे जाऊन पोहोचतात असे आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही त्या कबरीकडे बोट दाखवू.

परंतु सर्वत्र असे झालेले नाही. कायदा बदलला, संहिता बदलली, घरे बदलावयाची आहेत. मुलीच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात लपविणारे आईबाप या मंडपातही असतील. स्थळ बघावयास येणाऱ्यांना कळू नये म्हणून औषध महिनाभर थांबविणारेही असतील, आणि त्याचे फळ लग्नानंतर कोणास भोगावे लागते ते त्यांस ठाऊक आहे. मधुमेहाची गोळी जेवणाच्या मेजावर उघड असते. ठाणे-पुण्याकडील आधारगटांत रुग्णास 'शुभार्थी' व त्याची काळजी वाहणाऱ्यास 'शुभंकर' म्हणतात. प्रथम ऐकताना ही नावे आम्हांस थोडी गोडगोड वाटली होती. 'वेडा' आणि 'वेड्याची आई' यांच्या जागी ती बोलून पाहिली, तेव्हा त्यांचे काम समजले.

काही व्यवहाराच्या सूचना देऊन आम्ही बसतो. शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली; क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते. मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाण्यास लाज वाटत असेल तर आम्ही बरोबर येऊ. पांढरा झगा न घालता येऊ, म्हणजे लोकांस चर्चा करण्यास आणखी एक विषय मिळणार नाही. आणि महोत्सव संपल्यावर पुढच्या महिन्यापासून, पहिल्या शनिवारी सायंकाळी, चर्चच्या मागील लहान खोलीत आजाऱ्यांच्या घरच्या मंडळींसाठी बसण्याची सोय केली आहे. कोणत्याही धर्माच्या माणसाने यावे. नाव विचारले जाणार नाही. खुर्च्या दहाच आहेत. अधिक माणसे आली तर मंडपवाल्याकडून आणखी मागवू.